बाईंचं हृदय थांबवलं तो दिवस

रुग्णाचं नाव मी सगळ्यात शेवटी वाचते. आधी वजन, मग उंची, मग हिमोग्लोबिन, मग किडनीचा रिपोर्ट. हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्या माणसाला, म्हणजे परफ्युजनिस्टला, एवढं आधी लागतं. शस्त्रक्रियेत हृदय बंद असताना अंगात मिनिटाला किती रक्त फिरवायचं ते त्यावरून ठरतं. त्या सोमवारीही मी तसंच केलं. वजन अठ्ठेचाळीस किलो. उंची चार फूट अकरा इंच. मग गाव दिसलं, बोरी अरब. माझंच गाव. मग नाव वाचलं, फाइल मिटली आणि पुन्हा उघडली.

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात त्या तेवीस वर्षं नर्स होत्या. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळ्या गावाच्या त्या बाई. माझा जन्म त्यांच्याच हातचा. आमचं घर त्यांच्या क्वार्टरला लागून, मधे फक्त तारेचं कुंपण. दहावीत असताना मी त्यांच्या बीपीच्या मशीनचा गळका फुगा सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून दुरुस्त केला होता, आणि बाईंनी ते लक्षात ठेवलं. बारावीनंतर बाबा मला डी.एड.ला घालायला निघाले होते. बाई थेट आमच्या वावरात आल्या. तुरीची पेरणी चालू होती. धुऱ्यावर उभं राहून त्यांनी बाबांना सांगितलं, "पोरीले मशीन समजते. तिले मशीनपाशी पाठवा." मी नागपूरला शिकायला गेले ती त्या एका वाक्यावर.

आणि आता त्यांची अँजिओग्राफी माझ्यासमोर होती. हृदयाला रक्त पुरवणारी डावीकडची मुख्य रक्तवाहिनी तोंडाशीच जवळजवळ बंद. बाकी दोन्ही वाहिन्यांमध्ये अडथळे. एक झटका आधीच येऊन गेलेला, तोही घरातच, अपचन समजून. हृदय फुगलेलं आणि अशक्त.

मी यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात काम करते. आमच्याकडे बहुतेक बायपास धडधडत्या हृदयावरच होतात, मशीन नुसती बाजूला तयार ठेवलेली असते. पण बाईंचं हृदय उचलून मागच्या बाजूला टाके घालायचे म्हटलं तर त्यांचं प्रेशर तग धरणार नाही, असं सरांचं मत पडलं. सर म्हणजे आमचे सर्जन. म्हणजे मशीन लागणार. हृदय थांबवावं लागणार. आणि ते थांबवायचं औषध माझ्या पंपातून जाणार.

मी सरांच्या खोलीत गेले.

"सर, उद्याची केस माझ्या घरची आहे. म्हणजे नात्याची नाही, पण घरचीच."

"बरं."

"नागपूरहून दुसरा परफ्युजनिस्ट बोलावता येईल का?"

सरांनी मोबाइल उचलून लगेच फोन लावला. मी समोर उभी. पलीकडचं बोलणं ऐकू आलं नाही, पण सरांचं "गुरुवारच्या आधी नाहीच का?" ऐकू आलं. फोन ठेवून ते म्हणाले, "आज सकाळी त्यांना बसल्या बसल्या छातीत दुखलं. गुरुवारपर्यंत थांबायची माझी तयारी नाही. तुझी आहे?"

माझीही नव्हती.

दुपारी मी वॉर्डात गेले. बाईंची मुलगी पुसदला शाळेत शिकवते. मी तिला ताई म्हणते. ती डबा उघडून बसली होती आणि बाई तो खात नव्हत्या. मला पाहून त्या उशीवर थोड्या वर सरकल्या.

"तूच हायेस का वो उद्या?"

"हो बाई."

"तुह्या हातात काय राहते?"

"मशीन. तुमच्या हृदयाचं अन् फुप्फुसाचं काम मशीन करन. रक्त बाहेर येईन, त्यात ऑक्सिजन जाईन, मंग परत अंगात."

"हे मले डॉक्टरनं सांगतलं. मले ते दुसरं सांग. हृदय बंद करतो म्हनते. कोन बंद करते?"

ताईने मान वळवली. मी म्हटलं, "सर सांगतात तवा मी करते. पोटॅशियमचं थंड रक्त सोडते त्याच्यात."

पोटॅशियम म्हटल्यावर बाईंचे डोळे बारीक झाले. आयुष्यभर त्या औषधाची बाटली त्यांनी कपाटात वेगळी, कुलपात ठेवली होती.

"अन् मंग ते मरत नाई काहून?"

वर्गात कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी स्टूल ओढून बसले. सांगितलं की हृदय म्हणजे शेवटी एक स्नायू. त्याच्यावर केसाएवढ्या दोऱ्याने टाके घालायचे तर ते हलून चालत नाही, आणि मुख्य धमनीला चिमटा लावला की त्या स्नायूचं स्वतःचं रक्तही बंद होतं. रक्त नसताना तो धडधडत राहिला तर थोड्याच वेळात त्याचा जीव जातो. म्हणून आपणच त्याला आधी झोपवायचं. काम बंद, वर थंड, म्हणजे त्याची भूक अगदी कमी होते. त्या अवस्थेत तो टिकतो. पण कायम नाही.

"किती वेळ?"

"दर वीस मिनटानं पुन्हा थंड डोस द्या लागते. नाई तं तो जागा व्हाले लागते. उपाशीच जागा होते."

"किती थंड?"

"चार ते आठ डिग्री."

"लशीइतकं," बाई म्हणाल्या आणि त्या दिवसातलं पहिलं हसल्या. मग आपणहून सांगायला लागल्या, की एकदा कोलामांच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर, लसीकरणाला जाताना गाडी बिघडली आणि डब्यातला बर्फ वाटेतच पाणी झाला. बाया पोरं घेऊन वाट पाहत होत्या. बाईंनी लस टोचली नाही, सगळा डबा परत आणला आणि स्वतःच अहवाल दिला. साहेबांनी चारचौघांत झापलं. "देली असती तरी कोनाले समजलं नसतं," त्या म्हणाल्या. "पान्यासारखीच तं दिसते लस. मलेच समजलं असतं."

ताई मला दारापर्यंत सोडायला आली. तिचं म्हणणं एवढंच होतं, "तू हायेस म्हनून मले बरं वाटून राह्यलं." मी मान हलवली. मला मात्र त्याच कारणाने बरं वाटत नव्हतं.

मंगळवारी सकाळी सातला मी नळ्या भरून हवेचा एकेक बुडबुडा बाहेर काढला. थंड पाण्याच्या टाकीत बर्फ टाकला. बाई आत आल्या तेव्हा टोपी घातलेली होती आणि चेहरा इवलासा दिसत होता. त्यांचे ओठ हलत होते, त्या त्रिशरण म्हणत असाव्यात. भुलीच्या मॅडमनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि मास्क लावला. त्यानंतर हिरव्या कापडाखाली बाई दिसेनाशा झाल्या. मला उरले ते आकडे.

छाती उघडली. अडथळ्यांना वळसा घालणारी नवी वाट करायला पायातली शीर काढून तयार झाली. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिलं, तपासणीचा आकडा आला, नळ्या जोडल्या गेल्या.

"पंपवर जा," सर म्हणाले.

मी चिमटे काढले. बाईंचं रक्त गडद रंगाचं माझ्या टाकीत आलं आणि दुसऱ्या नळीतून लालभडक होऊन परत गेलं. मिनिटाला साडेतीन लिटर. प्रेशर ठीक. "पूर्ण फ्लो, सर."

"क्लॅम्प लावतोय. प्लेजिया दे."

कार्डिओप्लेजिया हे त्या थंड औषधी रक्ताचं नाव. आम्ही नुसतं प्लेजिया म्हणतो. मी पंप फिरवला. एरवी मिनिटभरात ईसीजीची रेघ मंदावते, रुंद होते आणि सपाट होते. बाईंची रेघ मंदावली, पण सपाट झाली नाही. एक मिनिट. दीड. रेघेवर एक लहान कंप उठे आणि विरे.

"थांबत नाहीये," मॅडम म्हणाल्या.

कारण सगळ्यांना माहीत होतं. आम्ही औषध पुढच्या दाराने पाठवत होतो, आणि त्या दारातच अडथळा होता. ज्या स्नायूला वाचवायचं त्याच्यापर्यंत ते पोचतच नव्हतं. सरांनी यासाठी एक मागचं दार आधीच तयार ठेवलं होतं. हृदयाच्या पाठीमागे एक मोठी शीर असते, स्नायूतलं वापरलेलं रक्त तिच्यातून परत येतं. तिच्यात एक बारीक नळी सरकवून ठेवायची आणि औषध उलट्या दिशेने पाठवायचं. म्हणजे अडथळे मधे येत नाहीत.

"रेट्रो," सर म्हणाले. मी नळी बदलली. मागच्या शिरेतलं प्रेशर बत्तीस. अगदी हवं तसं. वीस सेकंदांत रेघ सपाट झाली. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

मी घड्याळ लावलं.

सरांनी पहिली शीर हृदयाच्या मागच्या बाजूला शिवायला घेतली. त्यासाठी त्यांनी हृदय डाव्या तळव्यावर उचलून धरलं होतं. वीस मिनिटं झाली तशी मी म्हटलं, "वीस, सर."

"दे."

मी डोस सुरू केला. प्रेशर चौदा.

मी तो आकडा पाहिला. बत्तीसच्या जागी चौदा. मनात पहिला विचार आला तो हा, की हृदय उचललेलं आहे, मागच्या शिरेचा कोन बदलला असेल, म्हणून कमी दाखवतंय. असं होतं कधीकधी. रेघ सपाटच होती. सरांचा टाका नाजूक जागी होता. मी कागदावर वेळेसमोर चौदा लिहिलं आणि गप्प राहिले. दोन मिनिटांचा डोस पूर्ण केला, घड्याळ पुन्हा लावलं.

त्यानंतरची वीस मिनिटं मी त्या आकड्याकडे परत परत पाहत होते. माझ्याच अक्षरातला एक आणि चार. हात नळ्यांवर होते, डोळे टाकीच्या पातळीवर, आणि मन त्या कागदावर. बोलायचं तर आता काय बोलायचं? डोस तर संपला. पुढच्या वेळी पाहू. हे मी स्वतःला किमान तीनदा सांगितलं.

"वीस, सर."

"दे."

दुसऱ्या शिरेचे टाके चालू होते. मी पंप फिरवला. प्रेशर सहा.

"सर, रेट्रोचं प्रेशर सहा येतंय."

"हं."

"आधी बत्तीस होतं."

"टाके अर्धवट आहेत. चालू ठेव, दोन मिनिटं."

मी चालू ठेवलं. दहा सेकंद, वीस सेकंद. पंप व्यवस्थित फिरत होता, नळी थंड होती, तिच्यावर दव साचलं होतं. आणि माझ्या टाकीत येणारं रक्त एकाएकी गार झालं. तापमानाचा आकडा खाली सरकला. थंड रक्त हृदयाच्या स्नायूत न जाता सरळ माझ्याकडे परत येत होतं. त्याच वेळी सपाट रेघेवर एक कंप उठला. मग दुसरा.

मी पंप बंद केला.

"सर, मी थांबवलंय. हे हृदयात जात नाहीये. नळी निसटली आहे."

ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनचं न ऐकता पंप थांबवणं काय असतं, ते बाहेरच्या माणसाला सांगता यायचं नाही. सिस्टरच्या हातातली सुई हवेतच राहिली. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग हातातला दोरा मदतनीस डॉक्टरांकडे दिला आणि हृदयाच्या मागे बोटं घातली. दोन सेकंद चाचपलं.

"बाहेर आहे," ते म्हणाले. "पूर्ण बाहेर."

यानंतर कोणी आवाज चढवला नाही. सगळे हळू बोलायला लागले, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"शेवटचा खात्रीचा डोस कधी गेला?" सरांनी विचारलं.

तोंडात आलं होतं, वीस मिनिटांपूर्वी. कागद समोर होता. मी म्हटलं, "सर, चाळीस मिनिटं धरा. मागच्या वेळी चौदा होतं. थोडं गेलं असेल, थोडं नसेल."

 सर नळी पुन्हा मागच्या शिरेत घालायला लागले. पहिल्यांदा ती वळली आणि परत आली. रेघेवरचे कंप वाढत होते. बाईंचं हृदय जागं व्हायला लागलं होतं, रक्ताचा थेंब नसताना. मॅडमनी बर्फाचा चुरा मागवला, तो सगळा हृदयाभोवती ओतला गेला. दुसऱ्यांदाही नळी बसली नाही.

"पहिली शीर शिवून झालीये ना," सर म्हणाले. "तिच्यातून दे. नळी जोडा तिला."

मदतनीस डॉक्टरांनी नव्या शिरेच्या मोकळ्या टोकाला माझी नळी जोडली. मी पंप अगदी हळू फिरवला, जोर झाला तर ताजे टाके फाटतील. पन्नासच्या आसपास प्रेशर ठेवलं. औषध नव्या वाटेने अडथळ्याच्या पलीकडे गेलं. मी रेघेकडे पाहत होते आणि मोठ्याने प्रेशर सांगत होते, कोणी विचारलं नव्हतं तरी. "अठ्ठेचाळीस. पन्नास. पन्नास." कंप कमी झाले. एक राहिला. मग तोही गेला. तेवढ्यात सरांचा तिसरा प्रयत्न बसला. रेट्रो पुन्हा जोडलं. एकतीस.

पुढचं काम त्यांनी भराभर पण नीट केलं. राहिलेली दुसरी शीर, मग छातीतली धमनी पुढच्या वाहिनीला. शेवटी स्नायूला ऊब यावी म्हणून कोमट रक्ताचा डोस. मुख्य धमनीवरचा क्लॅम्प निघाला.

इथे हृदय आपणहून हलायला लागतं. बाईंचं हललं, पण ठोका नव्हता, नुसती थरथर. सरांनी दोन चपट्या चमच्यांसारखे पॅडल हृदयाला लावून झटका दिला. थरथर. पुन्हा दिला. पुन्हा थरथर. तिसऱ्या झटक्यानंतर रेघ क्षणभर सपाट झाली आणि मग एक ठोका आला. मोठ्या अंतराने दुसरा. पेसमेकरची तार लावून ठोक्यांना वेग दिला.

"फ्लो कमी कर."

आता मशीनने हळूहळू हात काढून घ्यायचा आणि हृदयाने काम घ्यायचं. साडेतीनवरून तीन. अडीच. दोन. प्रेशर ऐंशी. दीड लिटरला सत्तर. एक लिटरला साठ, आणि पडद्याच्या वरून मला दिसलं, हृदय फुगत होतं. ते रक्त घेत होतं, पण पुढे ढकलत नव्हतं. थकलेल्या माणसाने ओझं उचलावं आणि तिथेच उभं राहावं, तसं.

"परत चढव. पूर्ण."

मी फ्लो वाढवला. फुगलेलं हृदय हळूहळू लहान झालं. सर म्हणाले, "त्याला अर्धा तास पडून राहू दे. बलून घालू." मांडीच्या धमनीतून एक लांब फुगा वर घातला, हृदयाच्या ठोक्यांच्या मधे फुगून त्याला हातभार लावणारा. औषधांचे पंप सुरू झाले. आणि आम्ही सगळे थांबलो. करण्यासारखं काही नव्हतं. सर स्टुलावर बसले, हात छातीशी धरून. मी मशीनवर होते. त्या अर्ध्या तासात बाई सर्वस्वी माझ्या पंपावर जिवंत होत्या आणि मला एकाच गोष्टीचा हिशेब लागत नव्हता. चौदा दिसल्यावर एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता?

दुसऱ्या खेपेला आम्ही फार सावकाश उतरलो. अडीच लिटरला पाच मिनिटं. दोनला पाच मिनिटं. दीडला सर पुढे झुकून हृदयाकडे पाहत राहिले. एक लिटर. प्रेशर पंच्याऐंशी. अर्धा लिटर. नव्वद. हृदय फुगलं नाही.

"बंद कर."

मी पंप बंद केला, नळीला चिमटा लावला आणि माझा हात त्या चिमट्यावरच राहिला. प्रेशर ब्याऐंशी झालं, शहाऐंशी झालं आणि तिथे टिकलं.

अतिदक्षता विभागाबाहेर ताई उभी होती. दुपारचे अडीच वाजले होते. तिने काही विचारायच्या आत मी म्हटलं, "चालू आहे. अशक्त आहे. सर येऊन सांगतात." आणि मी तिथून निघून गेले. त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना गाठलं. ते कपडे बदलायच्या खोलीबाहेर चहा पीत होते. मी कालचा कागद पुढे केला आणि चौदावर बोट ठेवलं.

"सर, हे मला दिसलं होतं. मी बोलले नाही."

त्यांनी कागद हातात घेतला. "लिहिलंस की."

"लिहिलं. बोलले नाही."

"काहून?" सर नागपूरकडचे. एरवी पुस्तकी बोलतात, पण त्या वेळी हा शब्द आला.

"तुम्ही टाका घालत होता. मला वाटलं हृदय उचललंय म्हणून असेल. आणि चुकीचं बोलले तर..."

"अन् तिसऱ्या वेळी तू बोललीस तर मी चालू ठेव म्हटलं," ते म्हणाले. त्यांनी कप कठड्यावर ठेवला. "मी दोन्ही वेळा आकडा विचारला नाही. तो विचारणं माझं काम आहे. त्यांच्या मुलीला मी कालच सांगितलंय, नळी निसटली होती, स्नायूला त्रास झालाय. आजपासून दर डोसला तू आकडा मोठ्याने सांगायचा. बरोबर असला तरी. आणि मी 'ऐकलं' म्हणेपर्यंत पुन्हा सांगायचा."

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

बलून तिसऱ्या दिवशी निघाला. चौथ्या दिवशी श्वासाची नळी. बाईंचं पहिलं वाक्य नर्सला होतं, तिने सलाइनची पट्टी उलटी चिकटवली होती. आठव्या दिवशी त्या वॉर्डात आल्या. छातीशी उशी धरून खोकत होत्या. ताई औषधं आणायला खाली गेली होती. मी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. बत्तीस, चौदा, सहा. ताईला सरांनी सांगितलं होतं, पण चौदाचं माझं गप्प राहणं तिलाही माहीत नव्हतं.

बाईंनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. माझं संपलं. मला वाटलं, आता त्या तोंड फिरवतील.

"किती नुकसान झालं?" त्यांनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाई. तुमचं हृदय आधीच अशक्त होतं. पहिल्या खेपेला उतरलं नाई, ते त्याच्यामुळंही असन, याच्यामुळंही असन."

"म्हंजे तुले कधीच समजनार नाई."

"नाई."

"मंग हे तुह्यापाशीच राहीन," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. ड्यूटी बदलताना नर्स पेशंटची हकिगत सांगते तसं बोलल्या. "माह्यापाशीही हायेत अशा दोन बाया. त्याईच्या घरावरून मी अजून जाते." मग त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला. मी धरला. दोन घोट घेऊन म्हणाल्या, "ताईले तूच सांग. मी सांगनार नाई."

मी सांगितलं. ताईने पुढे दोन महिने माझा फोन उचलला नाही. बाईंना ती पुसदला घेऊन गेली होती. तपासणीला येत तेव्हा मी लांबून पाहत असे. हृदय हळूहळू सुधारत होतं, पूर्ण नाही, पण चालता-फिरता येईल इतकं. एका तपासणीला ताईच माझ्या खोलीच्या दारात आली. म्हणाली, "आई घरी जातो म्हनते, बोरीले. तू रविवारी जात जा तिच्याकडं. मले तितकं जमत नाई." बस्स, एवढंच.

तेव्हापासून मी जाते. बाई बाजारापर्यंत पायी जातात, वाटेत दोनदा थांबतात. ज्या पायातून शीर काढली तो संध्याकाळी सुजतो आणि त्याबद्दल त्या माझ्याकडे तक्रार करतात, जणू तीही मीच काढली. मागच्या महिन्यात आम्ही दोघी बाजारात गेलो. वांगी विकणारी एक म्हातारी मला निरखत होती. बाईंनी गावभर काय काय सांगून ठेवलंय ते मला तेव्हा कळलं.

"तूच का वो ते," म्हातारी म्हणाली, "जिनं बाईचं हृदय बंद केलं?"

"हो," मी म्हटलं.

"मंग चालू कोनं केलं?"

बाई वांगी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनीच उत्तर दिलं, "लय जनं लागले. पहिल्यांदा झालं नाई. दुसऱ्यांदा झालं. अर्धा किलो दे, अन् किडकं टाकू नको."